फूटपाथवरच्या बायकांचा हिशेब



आपल्याकडे गृहस्थाला 'सागार' म्हणतात आणि मुनींना 'अनगार'. अगार म्हणजे घर. ज्याला घर आहे तो सागार, ज्याने घर सोडलं तो अनगार. पंडित आशाधरांनी तेराव्या शतकात 'धर्मामृत' लिहिलं, त्याचेही हेच दोन भाग आहेत. पण कल्याण स्टेशनच्या पुलाखाली किंवा ठाण्यात बंद दुकानांच्या पायऱ्यांवर रात्री जी माणसं अंग टाकतात, ती या दोन्हींत कुठे बसवायची? त्यांनी घर सोडलेलं नाही. त्यांच्याजवळ सोडायला घरच नाही.

थंडीत आपलं मंडळ ब्लँकेटं वाटतं. गेल्या खेपेला वाटप झाल्यावर चहा घेताना एक मैत्रीण म्हणाली, "आपण वीस वर्षं हप्ते भरले तेव्हा दोन खोल्या झाल्या. यांना मात्र सरकार फुकट घरं देतं." बऱ्याच जणींनी माना डोलावल्या. प्रश्न रागाने विचारलेला असला तरी हिशेबाचा आहे, आणि मी बी.कॉम. झालेली बाई असल्यामुळे हिशेबाचा प्रश्न मला सोडवत नाही. उघड्यावर झोपणारी माणसं पक्क्या घरात गेली, ती कशी गेली, कोणी नेली, किती वर्षं लागली, हे मी त्यानंतर वाचत गेले. हा इतिहास आपल्या सेंट्रल लाईनवरच घडलेला आहे. भायखळा, कुर्ला, मानखुर्द आणि इकडे आपलं उल्हासनगर.

शेजारचं गाव विसरू नका

उल्हासनगरपासून सुरुवात करते, कारण लग्नाचे कपडे आणि फर्निचर घ्यायला आपण सगळ्याच तिथे जातो. "कॅम्प तीनला उतर", "कॅम्प चारला दुकान आहे" असं म्हणतो, पण हे कॅम्प कसले, ते क्वचितच आठवतं. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी होती. तिचे पाच भाग होते, लांबच लांब बराकी होत्या. युद्ध संपलं, छावणी रिकामी झाली. लगेच १९४७ ची फाळणी आली. सिंधमधून बोटींनी मुंबईला उतरलेली कुटुंबं या बराकींत आणून ठेवली गेली. जवळजवळ एक लाख माणसं. एका बराकीत अनेक कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे नाही तर चादरींचे पडदे, नळ आणि संडास सामाईक. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे कोनशिला बसली आणि छावणीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळालं. ठाणे पूर्वेला कोपरीतही अशीच निर्वासितांची वसाहत झाली.

पुढे १९५४ साली विस्थापितांना नुकसानभरपाई आणि पुनर्वसनाचा कायदा केंद्राने केला. त्याखाली हळूहळू बराकीतल्या खोल्या, भूखंड राहणाऱ्यांच्या नावावर झाले. ज्या बाईने गोणपाटामागे चूल मांडली होती, तिला कागद मिळाला. त्या कागदाच्या जोरावर पापड-लोणच्याचा धंदा उभा राहिला, दुकान आलं, कारखाना आला. आज त्या गावाला स्वतःची महापालिका आहे.

हे सोपं झालं असं मी म्हणत नाही. हाल पुष्कळ झाले. पण या माणसांना सरकारने आणि लोकांनी नाव दिलं 'निर्वासित'. म्हणजे ज्यांना निवारा द्यायचा आहे, अशी माणसं. नाव तसं होतं म्हणून पुढची कामंही तशी झाली. आधी छप्पर, मग रेशन, मग मालकी.

आता दुसरं नाव बघा.

'अतिक्रमण'

गावाकडे दुष्काळ पडला, शेतमजुरी संपली, घर कोसळलं, म्हणून मुंबईला आलेली माणसं भायखळा, नागपाडा, डॉकयार्ड रोडच्या फूटपाथांवर बांबू आणि प्लॅस्टिकच्या आडोशाला राहू लागली. १९७२ च्या दुष्काळाची आठवण आपल्या पिढीला आहे. या माणसांना निर्वासित कोणी म्हणालं नाही. महापालिकेच्या कागदात त्यांचं नाव 'अतिक्रमण' असं पडलं. अतिक्रमण हटवायचं असतं. त्याला रेशन देत नाहीत.

१३ जुलै १९८१ रोजी मुख्यमंत्री ए. आर. अंतुले यांनी जाहीर केलं की फूटपाथवरच्या सगळ्यांना हटवून आपापल्या गावी पाठवून द्यायचं. ऐन पावसाळा होता. झोपड्या पाडायला सुरुवात झाली. पत्रकार ओल्गा टेलिस, पीयूसीएल ही नागरी हक्कांची संघटना आणि खुद्द फूटपाथवर राहणारे काही जण न्यायालयात गेले. खटला सुप्रीम कोर्टात पाच न्यायमूर्तींसमोर चालला. निकाल सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिला आणि १० जुलै १९८५ रोजी दिला. दुसऱ्याच दिवशी ते निवृत्त झाले.

निकालपत्रात अर्जदारांची थोडी थोडी हकीकत दिली आहे. त्यात आपल्या संगमनेरचा एक चांभार आहे. १९६९ साली मुंबईला आला. गावी दिवसाला सात-आठ रुपये मिळत आणि घर म्हणावं असं जे होतं ते पडलं होतं. मुंबईत त्याला महिना ३५० रुपयांवर बदली कामगाराचं काम मिळालं. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळवण्यासाठी त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० रुपये लागले. दुसरा अर्जदार तामिळनाडूतल्या सेलमचा. दहिसरच्या रासायनिक कंपनीत २३ रुपये रोजावर काम करणारा. पश्चिम द्रुतगती मार्गाच्या फूटपाथवर ताडपत्रीच्या आडोशासाठी झोपडीदादाने त्याच्याकडून २,५०० रुपये उकळले होते.

मैत्रिणींनो, बेरीज करून बघा. संगमनेरच्या माणसाचे हजार रुपये गेले, म्हणजे जवळजवळ तीन महिन्यांचा पगार. सेलमच्या माणसाचा शंभरावर दिवसांचा रोज गेला. फूटपाथ फुकट नव्हता. पैसे दोघांनीही मोजले होते, फक्त त्यांची पावती मिळत नव्हती. आणि महापालिकेची गाडी आली की सगळी रक्कम एका सकाळी शून्य होत होती. बांबू पुन्हा विकत, प्लॅस्टिक पुन्हा विकत, भांडी गाडीत गेली तर तीही पुन्हा विकत. हप्ते तेही भरत होते, पण घर कधी नावावर होणार नाही असे.

न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. माणूस कामाजवळ झोपतो, त्याला तिथून उचललं तर त्याचं काम जातं. दुसरी, फूटपाथ चालण्यासाठी आहे, तिथे राहण्याचा हक्क कोणालाही नाही. मात्र हटवण्याआधी नोटीस द्या, म्हणणं ऐकून घ्या. ज्यांच्याजवळ १९७६ च्या झोपडपट्टी गणनेची ओळखपत्रं होती, त्यांना पर्यायी जागा देण्याचं सरकारने कबूल केलं होतं, ते पाळायला सांगितलं. आणि ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत झोपड्या काढू नका, असं बजावलं. म्हणजे पावसाळा संपून महिना झाल्यावर काढा.

हे वाचताना मला चातुर्मास आठवला. घर सोडलेले मुनीसुद्धा पावसाळ्याचे चार महिने एका जागी थांबतात. त्यांच्यासाठी श्रावक जागा सिद्ध करून ठेवतात. पाऊस आला की डोक्यावर छप्पर आणि पायाखाली स्थिर जागा लागते, हे आपल्या आचारात किती जुनं आहे! फूटपाथवरच्या बाळंतिणीला ते मिळवायला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं.

रंगीत कागद

भायखळा म्हटलं की आपल्याला मोतीशा शेठचं आदिनाथाचं मंदिर आठवतं. त्याच भायखळ्यात पुढची गोष्ट घडली, आणि ती बायकांनी घडवली.

१९८४ साली शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'स्पार्क' नावाची संस्था काढली. भायखळ्यात महापालिकेच्या जुन्या दवाखान्याच्या आवारातल्या जागेत त्यांचं काम सुरू झालं. कोर्टाचा निकाल आल्यावर एक नोव्हेंबरला काय होणार या धास्तीत सगळे होते. तेव्हा स्पार्कने फूटपाथवरच्या बायकांनाच बरोबर घेऊन १९८५ मध्ये मोजणी केली. सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजार माणसं. अहवालाचं नावच 'आम्ही अदृश्य' अशा अर्थाचं होतं. मोजणीतून दिसलं की ही माणसं काल-परवा आलेली नव्हती. कित्येक जण वीस-वीस वर्षं तिथेच होते, सगळे काम करत होते, आणि मुंबईच्या दिव्यांना भुलून नाही तर गावात खायला नाही म्हणून आले होते. मोजलं गेल्यावर 'अतिक्रमण' या शब्दाच्या जागी कुटुंबं दिसू लागली.

१९८६ च्या सुमारास या बायकांनी 'महिला मिलन' उभं केलं. झुला मैदान, डिमटिमकर रोड अशा फूटपाथवरच्या बायका. बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी आधी काय केलं? घर मागितलं नाही. रेशन कार्ड कसं मिळतं ते शिकल्या. पोलीस चौकीत कसं बोलायचं ते शिकल्या. महापालिकेची गाडी येणार असेल तर आपल्या झोपड्या आपणच उतरवून घ्यायच्या, म्हणजे सामान जात नाही, हे ठरवलं. आणि रोज पैसे बाजूला टाकायला सुरुवात केली.

'रोज' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपली भिशी महिन्याची असते, कारण आपल्या घरात पगार महिन्याचा येतो. त्यांची कमाई रोजची, म्हणून बचत रोजची. एखादी बाई रोज वस्तीतून फिरून एक रुपया, दोन रुपये गोळा करायची. लिहिता येत नाही, मग हिशेब कसा ठेवायचा? प्रत्येक घराची एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि तिच्यात रंगीत कागदाचे तुकडे. एक रंग म्हणजे एवढे रुपये, दुसरा रंग म्हणजे तेवढे. पिशवी उघडली की खातं दिसतं. मी कॉलेजात डबल एन्ट्री शिकले, पण इतकी साधी खातेवही कधी पाहिली नव्हती. अडीअडचणीला त्यातूनच कर्ज मिळे. तांदळाला, औषधाला, अगदी रात्रीबेरात्रीसुद्धा. सावकाराचं दार त्यामुळे थोडं लांब गेलं.

मग त्या घराचा विचार करू लागल्या. केवढं हवं, मोरी कुठे, चूल कुठे. खऱ्या मापाचे नमुने उभे करून त्यांनी भायखळ्यात प्रदर्शन भरवलं आणि सरकारी अधिकाऱ्यांना बोलावलं. त्यांचा आवडता नमुना चौदा फूट उंचीचा होता, आत माळा. जमीन थोडी असेल तर उंचीचा उपयोग करायचा, खाली स्वयंपाक आणि काम, वर झोपणं आणि सामान. ज्यांनी पाच-सहा फुटांत संसार केला, त्यांना इंचाची किंमत आर्किटेक्टपेक्षा जास्त कळत होती.

त्यांच्याबरोबर तिसरा हात होता जॉकिन अर्पुथम यांचा. मानखुर्दची जनता कॉलनी १९७६ मध्ये, आणीबाणीत, उठवली गेली आणि तिथल्या माणसांना चिता कॅम्पला नेऊन टाकलं, तेव्हा ते त्या लढ्यात होते. पुढे त्यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सक्तीने हलवलं की काय होतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. माणसांनी स्वतः मोजणी करावी, स्वतः ठरवून हलावं, हा त्यांचा आग्रह त्यातून आला.

तरी वर्षं गेली. १९९५ साली झोपडपट्टी पुनर्वसनाची नवी योजना आली, प्राधिकरण स्थापन झालं, १ जानेवारी १९९५ ही पात्रतेची तारीख ठरली आणि २२५ चौरस फुटांचं घर देण्याचं ठरलं. त्या योजनेत फूटपाथवरच्या कुटुंबांना प्रथमच पात्र धरण्यात आलं. घर नवरा-बायको दोघांच्या नावावर. महिला मिलनच्या कुटुंबांसाठी मानखुर्दला मिलन नगर उभं राहिलं. काहींना पहिल्या रुपयापासून चावीपर्यंत वीस वर्षं लागली. आपल्या गृहकर्जाची मुदतही साधारण तेवढीच असते.

रुळांकाठची साठ हजार माणसं

याच अनुभवाचा उपयोग पुढे आपल्याला झाला. 'आपल्याला' असं मी मुद्दाम म्हणते आहे. मुंबईत रुळांच्या अगदी कडेला हजारो झोपड्या होत्या. जिथे त्या रुळाला चिकटून होत्या, तिथे लोकल ताशी १५ किलोमीटरने न्यावी लागे. कल्याण-डोंबिवलीहून व्हीटीला जाणाऱ्यांचे रोजचे कितीतरी तास त्यात जायचे. कुर्ला ते ठाणे पाचवी-सहावी लाईन टाकायची तर जागा नव्हती. जागतिक बँक कर्ज द्यायला तयार होती, पण आधी माणसांची सोय करा ही अट होती.

२००० साली फेब्रुवारीत रेल्वेने जुन्या पद्धतीने झोपड्या पाडायला घेतल्या. लोक रुळावर उतरले, गाड्या थांबल्या. मग दुसरी पद्धत वापरली गेली. वस्तीवस्तीत लोकांनीच मोजणी केली, याद्या भिंतीवर लावल्या, हरकती ऐकल्या, शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या सोसायट्या केल्या. कोण कोणाजवळ राहणार ते आधी ठरलं. २००१ च्या मध्यापर्यंत सुमारे साठ हजार माणसं जबरदस्तीशिवाय हलली, काही पक्क्या इमारतींत, काही आधी संक्रमण शिबिरात. पुष्कळांनी आपली झोपडी आपल्या हाताने उतरवली. आज आपली फास्ट लोकल कुर्ल्यावरून जोरात जाते त्याचं थोडं श्रेय त्या घरांनाही आहे.

घर दिलं, वारा दिला नाही

सगळं चांगलंच झालं असं लिहून मी तुम्हाला फसवणार नाही. मानखुर्द-गोवंडीला लल्लूभाई कंपाऊंड, नटवर पारेख कंपाऊंड अशा वसाहती झाल्या. इमारती इतक्या जवळजवळ की खालच्या मजल्यांवर दुपारीही दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथल्या क्षयरोगाचा अभ्यास केला. ज्या घरांत ऊन आणि वारा कमी, तिथे क्षयरोग जास्त, असं त्यात दिसलं. भायखळ्यात चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईला मानखुर्दहून येण्याजाण्यात वेळ आणि पैसा जाऊ लागला. लिफ्ट बंद पडली तर दुरुस्तीचे पैसे कुठून आणायचे हा प्रश्न आला. फूटपाथवर नसलेलं दर महिन्याचं मेंटेनन्स इथे होतं.

म्हणजे चार भिंती मिळाल्या की काम संपलं असं नाही. ऊन-वारा, कामापासूनचं अंतर, ओळखीचे शेजारी आणि दर महिन्याचा खर्च, या चार गोष्टी आपण फ्लॅट घेताना पहिल्या दिवशी विचारतो. त्यांच्यासाठी विचारणारं कोणीतरी हवं होतं. जिथे महिला मिलनच्या बायका आधीपासून एकत्र होत्या, तिथे निदान शेजार तरी सोबत आला.

मग 'फुकट'चं काय?

आता आमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. पुनर्वसनाच्या योजनेत घर देण्याचा खर्च बिल्डर करतो आणि त्याच जमिनीवर जादा बांधकाम करून ते बाजारभावाने विकून वसूल करतो. सरकार त्याला जादा एफएसआय देतं. त्या पद्धतीवर टीका पुष्कळ आहे, पण त्या घराचे पैसे थेट आपल्या खिशातून जात नाहीत. शिवाय मिळालेलं घर दहा वर्षं विकायचं नाही असा नियम होता.

आणि आपल्याला सरकारने काहीच दिलं नाही का? गृहकर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला दोन लाखांपर्यंत वजावट मिळते. घरातले पुरुष ती दरवर्षी न चुकता घेतात. ती मदतच आहे, फक्त तिला कोणी 'फुकट' म्हणत नाही. मला त्यात गैर काही वाटत नाही. घर घेणाऱ्याला राज्याने हात द्यावा, हे योग्यच आहे. मग तो हात फूटपाथपर्यंत पोचला तर आपल्याला खुपू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

परदेशातही हाच वाद झाला. आधी नोकरी लागू दे, व्यसन सुटू दे, मग घर, असा तिकडचा रिवाज होता. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस या मानसशास्त्रज्ञाने तो उलटा केला. आधी घर, मग बाकीचं. फिनलंड देशाने २००८ पासून ते धोरण म्हणून घेतलं. हेलसिंकीतला साल्व्हेशन आर्मीचा अडीचशे खाटांचा रात्रनिवारा मोडून तिथे ऐंशीच्या आसपास छोटी स्वतंत्र घरं केली, ज्यांना दार आहे, कुलूप आहे, भाडेकरार आहे. १९८७ मध्ये त्या देशात सुमारे १८ हजार बेघर होते. २०२३ मध्ये ते चार हजारांच्या आत होते.

आपल्या गावात

झोपडीवाल्यांसाठी योजना आहेत. ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत बीएसयूपीच्या इमारती उभ्या राहिल्या त्या त्यांच्यासाठीच. पण ज्याची झोपडीही नाही, जो नुसता पुठ्ठा अंथरून झोपतो, तो कोणत्याच यादीत बसत नाही. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभरातल्या बेघरांची मोजणी झाली, तेव्हा १७ लाखांवर माणसं भरली. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये शहरी बेघरांसाठी निवारे काढायला सांगितलं. २०१३ पासून राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याची योजना झाली. दर लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायमचा निवारा, माणशी किमान ५० चौरस फूट जागा. २०११ ला कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती, ठाण्याची अठरा लाखांवर. म्हणजे नियमाने बारा आणि अठरा निवारे होतात. नगरसेवक आपल्याकडे हळदीकुंकवाला, पर्युषणाला येतात. तेव्हा हा एक आकडा त्यांना विचारता येईल.

उघड्यावरच्या कित्येकांचं मन आजारी असतं, म्हणून घर हरवलेलं असतं. आपल्या कर्जत लोकलच्या टोकाला डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांचं 'श्रद्धा' पुनर्वसन केंद्र आहे. रस्त्यावरून आणलेल्या माणसाला बरं करायचं आणि देशात जिथे त्याचं घर असेल तिथे पोचवायचं, हे काम ते करतात. डॉ. वाटवानींना २०१८ साली मॅगसेसे मिळालं. ज्यांना परत जायला घरच नाही, अशांसाठी चेन्नईच्या 'बॅनियन' संस्थेने चार-पाच जणींना साध्या वस्तीत भाड्याच्या घरात एकत्र ठेवण्याची पद्धत काढली. वॉर्ड नाही, वॉर्डन नाही. बाजारहाट, स्वयंपाक, शेजार, सगळं आपल्यासारखं, आणि मदतीला एक माणूस.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात दानाचे चार प्रकार येतात : आहार, औषध, उपकरण आणि आवास. तिथे ते व्रतींच्या सेवेसाठी सांगितले आहेत. दुःखितांसाठी आपल्याकडे करुणादान आहेच. पण चार दानांत घराला जागा आहे, हे लक्षात घ्या. सेठ माणिकचंद हिराचंदांनी मुंबईत हिराबाग धर्मशाळा बांधली आणि शिकायला आलेल्या मुलांसाठी बोर्डिंगं काढली, ती याच समजुतीतून. आपण आहारदान करतो, औषधदान करतो. आवासदान मात्र धनिकांचं काम म्हणून सोडून देतो.

ते तितकं मोठं नाही. एका खोलीचं भाडं रोजंदारीवरची बाई कसंबसं भरू शकते. तिला अडतं ते अनामत रकमेपाशी, भाडेकरारापाशी, पोलीस पडताळणीपाशी, पत्त्याच्या पुराव्यापाशी. निवाऱ्याच्या दाखल्यावर आधार कार्ड निघतं, त्यावर बँकेचं खातं उघडतं. हे फॉर्म भरून द्यायला आपल्यातल्या निवृत्त शिक्षिका आणि बँकेतल्या बायका पुरेशा आहेत. दहा जणींनी मिळून एका बाईची अनामत बिनव्याजी भरली आणि तिने ती महिन्याला थोडी थोडी परत केली, तर तीच रक्कम पुढच्या वर्षी दुसरीला जाईल.

या पर्युषणात आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. ब्लँकेटांचा खर्च तसाच ठेवून त्याच्याखाली 'खोलीची अनामत' अशी एक नवी ओळ जमाखर्चात घालावी, असं सुचवणार आहे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मैत्रिणीलाच खजिनदार करावं असंही मनात आहे, कारण पैशाला ती कडक आहे. तुमच्या मंडळात कोणी असं काही केलं असेल, तर किती रक्कम ठेवली आणि परत कशी आली, ते मला जरूर कळवा.